तेवीस डिसेंबरचा टब

हेडविकाबाईंच्या दारावर लाल रंगात एकच शब्द होता: चहाडखोर. रंग अजून ओला होता आणि तो फासणारी मिलादा समोरच्याच दारात ब्रश घेऊन उभी होती.

"मी लपवत नाही," ती म्हणाली. "माझ्या बाबांना हिनंच तुरुंगात घातलं. फाइल वाचा जा."

यार्मिला त्यासाठीच आली होती. ब्रनोच्या पोलिसांत बावीस वर्षं तिनं चोऱ्या शोधल्या. आता कम्युनिस्ट राजवट गेली होती आणि जुन्या गुप्त पोलिसांच्या खबऱ्यांची यादी जगजाहीर झाली होती. त्या यादीवरच्या तक्रारी तपासायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

हेडविकाबाई पियानो शिकवायच्या. यादीतलं त्यांचं नाव खोटं ठरलं नाही तर जानेवारीपासून नोकरी बंद. पण त्यांचं दुखणं निराळंच होतं.

"आई नव्हती हो मिलादाला. ही पोर माझ्या मांडीवर वाढली," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दिवसभर मावशी, मावशी. आता समोरून थुंकून जाते."

"त्यांच्या एखाद्या कागदावर सही केली होतीत का?"

"केली होती. व्हिएन्नाला बहिणीकडे जायचं होतं. पासपोर्ट कचेरीतली बाई म्हणाली, झालेलं बोलणं बाहेर सांगणार नाही असं लिहून द्या. दिलं लिहून. पुन्हा कुणी फिरकलं नाही."

सही होती, म्हणजे पंचाईत होती. यार्मिलाच्या कपाळाला आठी पडली.

दफ्तरखान्यात कुंत्स नावाचा म्हातारा कारकून होता, जुन्या गुप्त पोलिस खात्यातलाच. कुठली फाइल कुठे, ते त्यालाच ठाऊक, म्हणून नव्या सरकारनंही त्याला ठेवून घेतलं होतं. त्यानं फाइल दिली आणि पोचपावती लिहिली. अक्षर मागे रेलणारं, जणू वाऱ्यात उभं.

"नाताळच्या तोंडावर कसले मुडदे उकरता, मॅडम?" तो हसला. "चौकात जिवंत माशांची पिंपं आलीत बघा, मासा घ्या."

"तुम्ही घेतलात?"

"मी आपला कापूनच आणतो. जिवंत ठेवू कुठे? तीस वर्षं खात्याच्या हॉस्टेलात गेली. तिथे नुसता शॉवर."

"खात्यात काय करायचात?"

"हेच. फायली लावायच्या. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही."

फाइलमधला अहवाल टंकलेला होता. तारीख तेवीस डिसेंबर, एक्याऐंशी. खबरी: 'शेजारीण'. अधिकाऱ्याचं नाव नाही, नुसता क्रमांक.

'आज ओताकारने मला त्याच्या न्हाणीघरात नेले. बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. आम्ही रिकाम्या टबाच्या काठावर, आत पाय सोडून बसलो. तो म्हणाला: पोट भरलं म्हणून तोंड शिवून घेणारा माणूस मेलेलाच.'

'मेलेलाच' हा शब्द आधीचा खोडून शाईनं वर लिहिला होता. खटल्यात वाचून दाखवलेल्या या एका वाक्यापायी ओताकारला, मिलादाच्या बाबांना, चौदा महिन्यांचा तुरुंग झाला होता.

"तेच वाक्य मी बाबांच्या थडग्यावर कोरून घेतलंय," मिलादा म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात दोघी बसल्या होत्या. "सुटून आल्यावर मरेपर्यंत म्हणायचे, मी असं बोललोच नाही. भ्याले होते."

"तुमच्याकडे नाताळचा मासा कधी यायचा?"

"मासा? एकवीसला. पोटातला चिखल निघावा म्हणून तीन दिवस टबात पोहायचा. तोवर सगळ्यांच्या आंघोळी बंद! त्या वर्षी मी नऊ वर्षांची. त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं. चोवीसला बाबांनी त्याला मारलं तेव्हा मी असला गोंधळ घातला, की मावशीनं..." ती थांबली. "हिनं मला उचलून तिच्या घरी नेलं."

"उद्या दफ्तरखान्यात या. हेडविकाबाईंनाही बोलावते."

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला मिलादा आणि हेडविकाबाई, मध्ये एक रिकामी खुर्ची. समोर कुंत्स.

"तेवीस डिसेंबरला या गावात टब रिकामा कुणाचा असतो?" यार्मिलानं विचारलं. "ओताकारचा नव्हता. त्यात मासा होता. हेडविकाबाई तर रोज त्या घरात यायच्या. खरंच तिथे बसल्या असत्या, तर असं कधीच लिहिलं नसतं. म्हणजे अहवाल त्यांचा नाही. नळ सोडून बोलायचं, हे अख्ख्या ब्रनोला ठाऊक होतं. तेवढं ऐकून कुणीतरी टेबलावर बसून हे रचलं. त्या माणसाच्या घरी कधी टबच नव्हता."

तिनं पोचपावती अहवालाशेजारी ठेवली. मागे रेललेली अक्षरं, आणि मागे रेललेलं 'मेलेलाच'.

"अक्षर ओळखता ना, कुंत्स?"

कुंत्सच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पोचपावती दूर सारली.

"वर्षाला तीन नवे खबरी दाखवावे लागायचे. माझा एक कमी पडत होता. बाईंच्या सहीचा कागद पडून होता."

"मग फाइल जाळली का नाहीस?" यार्मिलानं विचारलं.

"खबरी फाइलमध्ये सापडला, की लिहिणाऱ्याला कोण शोधतंय?" त्यानं कागदाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज जरा हळवा झाला. "वाक्य मात्र झकास जमलं होतं. आधी 'मुका' लिहिलं होतं. तो शब्द बदलला तेव्हा कुठे बसलं."

हेडविकाबाई सुटल्या होत्या, पण कुणाला आनंद झाला नाही. मिलादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा खरं सांगत होते," ती म्हणाली. "आणि मी त्यांना भित्रा म्हटलं, मावशी. तोंडावर."

हेडविकाबाई मधल्या खुर्चीवर सरकल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

"मीही म्हटलं होतं गं," त्या म्हणाल्या. "वाक्य इतकं छान होतं. त्याचं नसावं, असं वाटलंच नाही."