एम्मेटला दिलेली धून

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं आणि तिनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं.

जागा अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातली, डोंगरातलं ते कुरण, जिथे आमचा वाद्यांचा मेळा भरतो. मागच्या ऑगस्टमधला शनिवार. आणि हो, रात्र नव्हती. चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. लोक दुपारची कॉफी पीत होते.

आमच्या मेळ्यात मंचापेक्षा तंबूंनाच भाव जास्त. जो तो आपल्या तंबूपुढे गोल करून बसतो आणि वाजवतो. वेल्डामावशीचा नवरा, एम्मेट कॉगर, या मेळ्याचं रोजचं पत्रक लिहायचा. गड्याला स्वतःला एक सूर काढता येत नव्हता. पण कुठल्याही गोलाच्या बाहेर बादली उलटी टाकून बसायचा, बुटानं ताल धरायचा आणि दुसऱ्या दिवशी असं लिहायचा की वाचणाऱ्याला ते वाजवणं ऐकू यावं. एका मुलीच्या फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, चारातली एक तार वाजवता वाजवता तुटली, तर यानं लिहिलं, "उरलेल्या तिघींनी चौथीची उणीव भासू दिली नाही." ती मुलगी आता दोन पोरांची आई आहे. ते कात्रण अजून तिच्या फिडलच्या पेटीत आतून चिकटवलेलं आहे. अशा पेट्या आमच्याकडे पुष्कळ.

एम्मेट त्याच वर्षीच्या जानेवारीत गेला होता. झोपेतच.

मावशी तेव्हापासून निम्मी झाली होती. मेळ्याला यायलाच तयार नव्हती. तिचा मोठा भाऊ, ओटिसमामा, तिला अक्षरशः ओढून घेऊन आला.

"घरात बसून काय करणार आहेस? भिंतींशी बोलणार?"

"बोलतेच आहे की. तुझ्यापेक्षा बऱ्या त्या. मध्ये तोंड घालत नाहीत."

मामाचं हृदय अधू होतं. दमायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी बॅंजो घेऊन आलाच.

तिघंच बसले. मावशीची फिडल, मामाचा बॅंजो आणि शेजारच्या तंबूतल्या लॉनीची गिटार. लॉनी म्हणाला, "जन्मभर बाहेर बसला बिचारा. आज त्याला आत घेऊ." कापडाची एक घडीची खुर्ची आणून गोलात मांडली. मामानं त्या खुर्चीकडे बघून, डोळे पुसत म्हटलं,

"एम्मेट, ही धून तुझी."

चूक झाली ती इथे.

आमच्यात हे उगाच म्हणायचं वाक्य नाही. धून ज्याची, तोच ती सुरू करतो आणि तोच संपवतो. तीच धून फिरून फिरून वाजत राहते; त्यानं एक पाय उचलून पुढे धरला की तो शेवटचा फेरा. मग सगळे एकदम थांबतात. तो पाय उचलत नाही तोवर कोणी थांबत नाही. हे जिवंत माणसाला म्हणायचं असतं. पण त्या क्षणी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

धून सुरू झाली.

कोणी सुरू केली... हे आजपर्यंत कळलेलं नाही. तिघंही दुसऱ्याचं नाव घ्यायचे.

पहिले काही फेरे छान गेले. मावशीचे डोळे भरून आले होते. आणि मग तिला ऐकू आलं...

ठक... ठक... ठक...

बुटाचा आवाज. खाली तर गवत होतं.

तो ताल तिच्या ओळखीचा होता. थोडा उशिरा पडणारा. तिनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"खरं सांगू?" मावशी मला म्हणाली. "भीती नाही वाटली रे. आनंद झाला."

फेऱ्यामागून फेरे गेले. हळूहळू तिच्या लक्षात आलं की बाजूच्या गोलांचे आवाज येत नाहीत. पोरांचा गलका नाही. कोणाचं कुत्रं नाही. जनरेटरची घरघरसुद्धा नाही.

फक्त ती धून... आणि तो बूट.

"वेल्डा, थांबव आता," लॉनी म्हणाला.

"धून माझी कुठे आहे?"

"मग थांबवायचं कोणी?"

तिघांनीही खुर्चीकडे पाहिलं.

लॉनीनं हात तारांवरून काढायचा प्रयत्न केला. निघेना. मामाचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ निळे पडत चालले होते. बोटांतून रक्त येत होतं.

"ओटिस, सोड ना तो बॅंजो."

"सुटत नाही ग..."

तेवढ्यात तिला मी दिसलो. हातात सगळ्यांसाठी पेपरोनी रोल, आमच्याकडचे सॉसेज भरलेले पाव, घेऊन वाटेनं येत होतो. तिनं जीव तोडून मला हाका मारल्या. मी थांबलो. तिच्याकडे बघून टोपी काढली. मान खाली घातली. आणि तसाच पुढे निघून गेलो.

तिनं स्वतःचा पाय उचलून बघितला. काही झालं नाही. धून तिची नव्हतीच.

मग ती विनवायला लागली. "एम्मेट, पाय उचल. ओटिस मरतोय. ऐकतोयस ना?"

ठक... ठक... ठक...

आणि त्यासोबत... एक हुंकार. एखादी जागा आवडली की एम्मेट तसा हुंकार द्यायचा. तो रागावलेला नव्हता. त्याला काही वाईट करायचं नव्हतं. तो फक्त ऐकत होता आणि त्याला ते संपू द्यायचं नव्हतं.

मावशीनं सगळा हिवाळा देवाकडे हेच मागितलं होतं, एकदा तरी तो भेटू दे. आता तो भेटला होता. आणि समोर भाऊ हातचा चालला होता.

एकच उपाय होता. दुसऱ्याची धून काढून घ्यायची. आमच्याकडे असं कोणी करत नाही. त्यासारखा अपमान नाही. मावशी वाजवत वाजवतच उठली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली.

खुर्ची रिकामी नव्हती...

कोणाच्या तरी मांडीवर ती बसली होती. ती मांडी ती ओळखत होती.

"आता धून माझी," ती म्हणाली. "तू जा, एम्मेट."

मानेवर एक लांब श्वास आला. मग खाली नुसतं कापड उरलं.

तिनं पाय उचलला. धून थांबली. सगळे आवाज एकदम परत आले आणि मामा खुर्चीवरून खाली कोसळला. दवाखान्यात वेळेवर पोचला म्हणून वाचला.

आता माझी बाजू. मी त्या वाटेनं गेलो, हे खरं. पण तेव्हा कोणी वाजवत नव्हतं. तिघंही मांडीवर वाद्यं घेऊन स्तब्ध बसले होते. मला वाटलं, एम्मेटसाठी मौन पाळताहेत. म्हणून टोपी काढली. एक सूर माझ्या कानावर पडला नाही, एक हाक नाही. पण मामाची बोटं मी त्याच संध्याकाळी पाहिली. मांसापर्यंत चिरलेली होती.

लॉनीनं नंतर गिटारला हात लावला नाही. मामा यंदा एप्रिलमध्ये गेला, बागेत वाफे करता करता, शांतपणे. आणि मावशीचं घर पार मुकं झालं. पूर्वी तिला तिथे एम्मेटची चाहूल लागायची म्हणे. आता काहीच नाही. "आधी मृत्यूनं नेला," ती म्हणते, "मग मी हाकलला."

पुढच्या शनिवारी मेळा आहे. काल मावशी माझ्याकडे आली. केस विंचरलेले, अंगावर चांगला ड्रेस.

"तू गिटार बरी वाजवतोस," ती म्हणाली. "ये माझ्यासोबत. त्याला परत धून द्यायची आहे."

"मावशी, वेड लागलंय का? थांबवणार कोण?"

वर्षभरात पहिल्यांदाच ती हसली.

"आता थांबवून वाचवायचं कोणाला, बाळा?"

मी हो म्हटलेलं नाही. पण ती जाणार आहे, मी आलो नाही तरी. आणि तिला तिथे एकटी बसू द्यायची माझी छाती होत नाही.