मागचा माणूस

ऑक्टोबर सरत आला की इंग्लंडातल्या श्रॉपशरमधले शेतकरी यंत्र लावून काटेरी झुडपांची कुंपणं छाटतात आणि काटे खुशाल रस्त्यावर टाकून देतात. मग रविवारी सायकलवाल्यांची निम्मी सकाळ पंक्चर काढण्यात जाते. ग्लेनिस प्रॉसर या काट्यांवर दरवर्षी नव्याने चिडत असे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली होती, पण चिडायची सवय तिने नोकरीबरोबर सोडली नव्हती.

त्या रविवारी मात्र तिला चिडायला काट्यांची गरज नव्हती. बिशप्स कॅसल गावच्या कॅफेत, कॉफी केक समोर ठेवून, सायकल क्लबचा सेक्रेटरी एड्रियन तिची समजूत घालत होता.

“हे बघ ग्लेनिस, तू हट्ट धरलास म्हणून आज डिंगलच्या वाटेने जाऊ. पण हे शेवटचं. यापुढे ती वाट आपल्या फेऱ्यांतून बाद.”

“का म्हणून? ती वाट क्लाइव्हने शोधली होती.”

“आणि तिथेच तो गेला. लोकांना नको वाटतं गं तिथून जायला.”

“तो गेला नाही, त्याला उडवलं. ज्याने उडवलं तो रोज त्याच वाटेने घरी जातो, त्याला कोणी बाद केलंय का?”

एड्रियनने केकचा तुकडा मोडला आणि तो हवामानाबद्दल बोलायला लागला. ग्लेनिसचा कप बशीवर जरा जोरातच आदळला.

क्लाइव्ह बेडोज हा क्लबचा मागचा माणूस. रांगेत सगळ्यांच्या मागे राहायचं, मागून गाडी आली की ओरडायचं, हे त्याचं काम. “मागून गाडीऽऽ!” अशी त्याची हाळी यायची. पुढच्याने वळून न बघता तीच हाळी पुढे द्यायची, त्याच्या पुढच्याने आणखी पुढे, आणि जोडीजोडीने चाललेले सगळे एका रांगेत कडेला यायचे. मागे वळून बघितलं की चाक वळतं आणि शेजारचा पडतो, म्हणून बघायचं नाही, हाळीवर विश्वास ठेवायचा. चौक ओलांडून झाला की तोच मागून “सगळे आले!” म्हणायचा आणि मग पुढचे वेग वाढवायचे.

दोन वर्षांपूर्वी, अशाच ऑक्टोबरात, पंक्चर काढून तो एकटा मागून येत होता. मागच्या माणसाच्या मागे ओरडायला कोणी नसतं. डिंगलच्या वळणावर ट्रान्टर नावाच्या जमीनदाराच्या उंच गाडीने त्याला मागून उडवलं. कोर्टात ट्रान्टर म्हणाला, “दिसलाच नाही हो. ऊन डोळ्यांवर होतं.”

ग्लेनिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती वाट उत्तरेकडे जाते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच दरडी, वर झाडांचं छप्पर. सकाळी दहाला उत्तरेकडे जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येतं कुठून? तिने हे शपथेवर सांगितलं, नकाशा दाखवून सांगितलं. वकील गोड हसला. “मॅडम, आपण त्या गाडीत होतात का?” झालं. ट्रान्टर सुटला आणि जाताना लोकांशी हात मिळवून गेला. माणूस परत येणार नाही हे ग्लेनिसलाही कळत होतं. तिला एवढंच हवं होतं, की त्या माणसाने एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, क्लाइव्ह मला दिसला होता.

कॅफेतून निघाले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. क्लबच्या निळ्या सदऱ्यांतले सात-आठ जण होते. मागे स्टू, म्हणजे स्टुअर्ट, होता. हा प्लंबर, एकेकाळी ग्लेनिसच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला, त्यामुळे चाळिशी आली तरी तिला ‘बाई’च म्हणायचा.

डिंगलच्या वाटेवर उतार लागला. ओल्या पानांचा वास, दरडींतून झिरपणारं पाणी, मधोमध शेवाळाची पट्टी.

“मागून गाडी!”

हाळी रांगेतून पुढे आली. ग्लेनिसनेही ती पुढे दिली. सगळे कडेला आले आणि वाट बघत राहिले. गाडी आलीच नाही.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. या वेळी ग्लेनिसने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“स्टुअर्ट! हा काय चावटपणा आहे?”

“बाई, मी नाही सुरुवात केली.”

“तू सगळ्यात मागे आहेस. मग कोणी केली?”

“मागून आली हाळी. मी नुसती पुढे दिली.”

“तुझ्या मागे कोण आहे?”

स्टूने एकदा मागे वळून पाहिलं. ग्लेनिस त्याच्यावर बरसली. मेलेल्या माणसाच्या नकला करतोस, लाज वाटते का, त्याने तुला पंक्चर काढायला शिकवलं आणि त्याचे हे पांग फेडतोस! स्टूचे डोळे भरून आले तेव्हा ती थांबली.

“जा पुढे,” ती म्हणाली. “मागे मी राहते. बघू कोण ओरडतं ते.”

ती मागे राहिली. पुढच्या पाठी एकेक करून लांब गेल्या. तिने पेडल मारणं थांबवलं आणि सायकल उतारावर सोडली. तिच्या मागच्या चाकाची किटकिट सुरू झाली.

तिच्यामागे आणखी एक किटकिट होती.

मध्येच एक ठोका चुकणारी. किट किट किट, मग पोकळी, मग किट. ते चाक बदल म्हणून ती क्लाइव्हच्या किती वर्षं मागे लागली होती.

दरडींवरून आवाज परत येतो, तिने स्वतःला सांगितलं. मग ती शिक्षिका असल्यामुळे तिने प्रयोग केला. ब्रेक दाबून ती थांबली. तिची किटकिट थांबली.

दुसरी, किंचित उशिराने, थांबली.

ग्लेनिसने मागे वळून पाहिलं. वाट रिकामी होती. ओली पानं होती.

“मागून गाडीऽऽ!”

तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून आली हाळी. आणि तिने ती पुढे दिली. विचार न करता, सगळा जीव घशात आणून दिली. पुढे शेताचं एक फाटक होतं, त्याच्या मोकळ्या जागेत सगळे घुसले. जोरात पेडल मारत पाठोपाठ तीही घुसली.

आणि मग इंजिनाचा आवाज आला.

भरधाव उंच गाडी वळणावरून आली आणि फाटकाच्या बरीच अलीकडे करकचून थांबली. समोर रस्ता मोकळा होता. तरी ती तिथेच थरथरत उभी राहिली.

ग्लेनिस सायकल टाकून चालत गेली. काचेआड ट्रान्टर होता. दोन वर्षांत तो वीस वर्षांनी म्हातारा झाला होता. त्याने काच खाली केली, पण नजर समोरून काढली नाही.

“त्याला बाजूला घ्या,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“तो निळ्या सदऱ्यातला. मधोमध उभा आहे. तुमचाच माणूस आहे ना?”

ग्लेनिसने रस्त्याकडे पाहिलं. तिला पानांखेरीज काही दिसलं नाही.

“रोज असतो,” ट्रान्टर म्हणाला. “माझ्या घराला दुसरी वाट नाही हो. मी हॉर्न वाजवतो, हात जोडतो. पोलिसांना काय सांगू?”

तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. दोन वर्षं कोंडलेला संताप तेवढा वर आला.

“ऊन आहे का डोळ्यांवर, मिस्टर ट्रान्टर?”

“नाही.”

“तेव्हा होतं?”

त्याचे ओठ हलले. “नव्हतं. फोन बघत होतो मी. वर बघितलं तेव्हा तो समोर होता. दिसला होता मला.”

“मोठ्याने बोला.”

“दिसला होता!”

फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. एड्रियनने मान खाली घातली. ग्लेनिस परत आली आणि तिने सायकल उचलली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटत होतं.

एकेक जण निघाला. पुढून एड्रियनने विचारलं, “सगळे आले का?”

ग्लेनिस मागच्या हाळीसाठी थांबली. हाळी आली नाही.

“तुम्ही व्हा पुढे,” ती शेवटी ओरडली. “तो राहतोय मागे.”

मग तिने वळून पाहिलं. ट्रान्टरची गाडी उलटी, चढाच्या दिशेने चालली होती, म्हाताऱ्या माणसाची सायकल चालावी इतक्या हळू. गाडी मागे घेणारा माणूस मागे बघतो. ट्रान्टर मागे बघत नव्हता. त्याची नजर बॉनेटच्या अगदी पुढे खिळली होती, आणि गाडी जसजशी मागे जात होती तसतशी तिच्यासमोरची ओली पानं सायकलच्या चाकाएवढ्या एका बारीक रेषेत दबत चालली होती.