पंचवीस मिनिटं पुढं

"परत नाही म्हणतोय मेला!" राजनंदिनी खेकसली, आणि दारात दुधाची कॅन घेऊन उभा असलेला तरुण दोन पावलं मागं सरला.

"मला म्हणालात?"

"तुम्हाला कशाला? क्लाउडला म्हणाले."

काटेवाडीच्या दूध संकलन केंद्रात ही पहिली भेट. तरुण बावडा गावचा, अविराज. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. इथल्या बनाबाई आत्याचा हात मुरगळला म्हणून आठ दिवस रजा काढून तिच्या म्हशींच्या सेवेला आला होता.

केंद्राचा कम्प्युटर सांभाळणाऱ्या राजनंदिनीनं व्हिडिओ बघून शिकत केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं, ते मोजताक्षणी क्लाउडवर जायचं. त्यासाठी तिनं वापरलेली लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, कुठल्याही कंपनीच्या क्लाउडशी बोलायची. कंपनी बदलली तर नाव आणि किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी लांबलचक अक्षरं, तेवढी बदलायची. दूध संघानं कंपनी बदलली, तिनं नाव-किल्ली बदलली, आणि नवी कंपनी एकच धोशा लावून बसली... ओळख पटत नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत पटली नाही, तर संघ तिचा प्रोग्रॅम काढून बाहेरचा घेणार होता. दोन वर्षांची मेहनत!

अविराज रोज दोन्ही वेळा येऊ लागला. दूध घालून झालं तरी कॅन विसळत रेंगाळायचा. दोघांनी किल्ली तीनदा नवी काढली, अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. तो वाचायचा, ती टाइप करायची. मध्येच त्याचा आवाज बंद व्हायचा.

"वाचा की."

"वाचतोय."

"कागद तुमच्या हातात आहे. माझ्या तोंडावर काय लिहिलंय?"

शनिवार उजाडला. आत्याचा हात बरा झाला होता – अविराजला त्याचा फारसा आनंद झालेला दिसला नाही. पाचच्या एस.टी.नं निघायचं, म्हणून तो पाठीवर सॅक घेऊनच आला.

"निघा आता," ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत म्हणाली. "पाचला दहा कमी."

त्यानं मोबाईल काढला. "चार पंचवीस तर झालेत."

"ते होय... आमच्याकडं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं असतं. तात्यांचा नियम."

केंद्राचे सचिव सावळाराम तात्या कोपऱ्यातून गरजले, "मग! टँकर काय थांबतोय व्हय? लोकं येळंवर येत्यात ती त्या घड्याळामुळंच."

आठ दिवसांत अविराजनं ते घड्याळ पाहिलंच नव्हतं. बघायला दुसरं होतं. तो एकदम टेबलाकडं वळला.

"आणि... कम्प्युटरचं?"

"तेही. आपोआप वेळ घ्यायची सोय तात्यांनी बंद करायला लावली."

तो खो खो हसत सुटला. "अहो, जुनी कंपनी नुसती किल्ली बघायची. नवी किल्लीबरोबर वेळेचा शिक्काही बघते. पंधरा मिनिटांहून जास्त फरक दिसला की दारातूनच परत!"

राजनंदिनीनं कम्प्युटरची वेळ नीट केली. बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही... आणि मग सकाळचं सगळं दूध, सगळ्यात कमी दूध घालणाऱ्या छबूबाईंच्या दीड लिटरसकट, भराभर वर गेलं.

"गेलं! अहो, गेलं!" तिनं त्याचा हात घट्ट धरला होता. कुणीच तो सोडवायची घाई केली नाही.

"भिंतीवरच्या घड्याळाला हात लावायचा न्हाय," तात्यांनी बजावलं.

भिंतीवर पाच-दहा झाले. राजनंदिनीनं सॅककडं पाहिलं.

"गेली की तुमची एस.टी.," ती अगदी गंभीरपणे म्हणाली.

अविराजनं मोबाईल न बघताच खिशात घातला. "गेलीच म्हणायची."

"अरं कशाची गेली!" तात्यांनी जन्मात पहिल्यांदा खरी वेळ सांगितली. "पंधरा मिनिटं हायती अजून. पळ!"

कुणी पळालं नाही.

"पुढच्या शनिवारी येऊ?" त्यानं हळूच विचारलं. "दूध घालायला नाही... तुलाच भेटायला."

ती लाजली नाही, नुसती हसली. "ये. पाचला."

"खऱ्या, की तात्यांच्या?"

"तात्यांच्या. पंचवीस मिनिटं आधी भेटशील."