खांद्याएवढी जागा

माझ्या नणंदेचं, रंजनाचं, लग्न झालं ते १९९३ साल. त्याच वर्षी आमच्या गल्लीत केबल टीव्ही आला आणि त्याच वर्षी यजमानांनी मद्रासहून नवा फ्लॅश आणला. त्याचा उजेड असा पडायचा की मंडपातल्या म्हाताऱ्या आधी डोळे मिटायच्या आणि मग शिव्या द्यायच्या.

माझे यजमान रघुपतीराव. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाला आम्ही दोघं जात असू. नवरी नटते त्या खोलीत पुरुषाला जाता येत नाही, म्हणून तिथला कॅमेरा माझ्याकडे. पहाटेपासून पायांवर उभं राहायचं. बॅटरीच्या पट्ट्याने खांद्याचं कातडं सोलून निघायचं. फोटोवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी, तोवर पायसावर साय धरलेली. तरी मला ते काम फार आवडायचं. बटण दाबलं की छातीत काहीतरी टुणकन उडायचं.

आणखी एक काम यजमान करत. घरातलं कुणी वारलेलं असलं आणि ते माणूस लग्नाच्या ग्रुप फोटोत हवं असलं, तर लोकांना उभं करतानाच ते मध्ये खांद्याएवढी जागा सोडत. मागाहून त्या माणसाचं चित्र जुन्या फोटोतून ब्लेडने कापायचं, त्या जागेत चिकटवायचं, ब्रशने कडा मिटवायच्या आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. जोड कुणाला दिसत नसे.

रंजनाला यांनीच वाढवलं. सासूसासरे ती लहान असतानाच गेले होते. लग्न झालं की ती नवऱ्याबरोबर, सतीशकुमारबरोबर, दिल्लीला जाणार होती.

"अण्णा," ती म्हणाली, "तंजावुरातल्या सगळ्यांच्या अल्बमात तुझं काम आहे, पण तू कुठेच नाहीस. तू नसलेला अल्बम मला नको. दिल्लीत कुणी विचारलं तर काय दाखवू? हा फोटो माझ्या भावानं काढला, एवढंच?"

"बरं बाई, येतो तुझ्या फोटोत. चिदंबरमामांना बटण दाबायला देतो."

"अय्यो! मामांनी काढलेल्या फोटोत मागच्या वेळी नुसते पाय आले होते."

"पायच बघण्यासारखे होते गं," मामा कोपऱ्यातून म्हणाले.

शेवटी असं ठरलं की भावाचे मानाचे विधी मी टिपायचे. ग्रुप फोटोत वहिनी म्हणून मलाही उभं राहायचं होतं. तेव्हा तो फोटो हे काढतील, स्वतःसाठी जागा सोडतील आणि मागाहून स्वतःला चिकटवतील.

मामांचं हसू थांबलं. "रघु, ती जागा गेलेल्यांची. जिवंत माणसासाठी सोडत नाहीत."

"जिवंत आहे म्हणून तर फुकटात चिकटवतोय, मामा!"

लग्नाच्या सकाळी कॅमेरा माझ्याकडे होता. होमाजवळ तूप तडतडत होतं, धुरानं डोळे झोंबत होते. भिंगातून मला यजमान स्पष्ट दिसत होते. रंजनाच्या ओंजळीत लाह्या घालताना त्यांची अंगठी चमकली. मग त्यांनी सतीशकुमारचा कान असा पिळला की जावईबापू "पोदुम, पोदुम! पुरे!" करत ओरडले. सगळा मंडप हसला. मी बटण दाबतच राहिले.

मग ग्रुप फोटो. यजमानांनी सगळ्यांना उभं केलं. माझ्या उजवीकडे त्यांची जागा मोकळी.

"दात दिसू द्या! दातांचे वेगळे पैसे नाहीत!" ते स्टँडमागून ओरडले.

फ्लॅश उडाला. त्या क्षणी माझ्या उजव्या खांद्याला एक खांदा लागला. ऊबदार, जरा रेललेला. मामा सरकले असतील, असं मला वाटलं. डोळ्यांपुढचा उजेड ओसरला तेव्हा मामा पार टोकाला होते, शेजारी कुणी नव्हतं आणि यजमान समोर रोल पुढे फिरवत होते.

रोलच्या डबीवर मी 'रंजना' असं लिहिलं. ती डबी घेऊन यजमान बसने त्रिचीच्या कलर लॅबला गेले. परतले ते कमरेची वेष्टी सावरत, धावतच.

"अगं, ब्लेड लागलंच नाही!"

ग्रुप फोटोत माझ्या शेजारी ते उभे होते. फ्लॅशने बाकी सगळ्यांचे चेहरे दचकलेले, आणि हे एकटे सगळे दात दाखवून हसत होते. खांदा माझ्या खांद्याला लागलेला.

मी निगेटिव्ह खिडकीशी धरली. त्यातही ते होते.

"मग बटण कुणी दाबलं?"

"मी," ते लगेच म्हणाले. त्यांनी फोटो उलटून पाहिला. मग पुन्हा हसले. "रंजनाला पाहिजे होतं ते मिळालं की नाही?"

मी काढलेले फोटो मी पुढे ओढले.

लाह्या होत्या. हवेतून रंजनाच्या ओंजळीत पडत होत्या. देणारा हात नव्हता.

पुढच्यात सतीशकुमारचा कान ताणून लाल झालेला, तोंड वाकडं. मागे मंडपाची केळ दिसत होती. यजमान नव्हते.

"हे तिला देऊ नकोस," ते हळूच म्हणाले.

ग्रुप फोटो पाहिला तेव्हा रंजना नाचली. तो छातीशी धरून ती दिल्लीच्या गाडीत बसली. होमाचे फोटो जळाले, असं आम्ही तिला सांगितलं. ते अजून माझ्या पेटीत आहेत.

गेल्या वर्षी रंजनाच्या मुलीचं, दिव्यश्रीचं, लग्न इथेच तंजावुरात झालं. फोटोवाला मदुराईचा, आम्हा कुणाच्या ओळखीचा नव्हता. कॅमेरा नवा, आमच्या वेळचं त्यात काही नाही. दिव्यश्रीने मला ओढत नेऊन आपल्याजवळ उभं केलं. मला फार आनंद झाला होता. मी पदर नीट केला.

माझ्या उजवीकडची माणसं थोडी सरकून उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

फोटोवाल्याने डोळा कॅमेऱ्याला लावला. मग हात वर करून थांबवलं.

"आजींच्या शेजारचे सर," तो म्हणाला, "थोडं कमी हसा."

रघुपतीराव १९९४ च्या जानेवारीत वारले. ओरत्तनाडूला, दुसऱ्यांच्या लग्नात, ग्रुप फोटोसाठी लोकांना उभं करताना.