पाणकोंबडीची तहान

बोटीत पाणी शिरलं की बोट बुडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग केतकवाडीची माणसं बोट खाडीत लोटण्याआधी तिच्यात मुद्दाम तांब्याभर पाणी का ओततात? ओतताना वर लाडाने म्हणतात, "पी बाई, पोटभर पी." आता तर वाडीतल्या बोटी उन्हावर चालतात, स्वतःची वाट स्वतः शोधतात आणि त्यांचं अंग प्लास्टिकचं असतं. प्लास्टिकला कसली आलीय तहान! तरी तांब्या काही सुटलेला नाही. सुरंगीने कारण विचारलं की मोठी माणसं म्हणत, "पद्धत आहे," आणि विषय संपवत.

सुरंगीच्या आजोबांची 'पाणकोंबडी' ही वाडीतली शेवटची लाकडी बोट. इंजिन बोटीच्या पोटात, तिथून एक लांब दांडा मागे पाण्यात गेलेला आणि दांड्याच्या टोकाला पंखा. कित्येक वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. आजोबा म्हणजे डॉक्टर मोरेश्वर मयेकर, झाडांच्या अभ्यासात जन्म घालवलेले शास्त्रज्ञ. नवी बोट त्यांच्या पेन्शनीत बसण्यातली नव्हती, म्हणून आजा-नातीने जुनीलाच हात घातला. गंजलेलं डिझेल इंजिन उतरवलं. भंगारातल्या रिक्षाची विजेवर चालणारी मोटर मिळवली. बसायला मोडक्या झोपाळ्याची फळी आणि रंग शाळेच्या कुंपणाचा उरलेला, त्यामुळे पाणकोंबडी चक्क पोपटी झाली.

मोटर बसवण्याआधी बोट तरंगते का, हे बघायचं ठरलं होतं. पण आजोबा गुडघ्याला तेल चोळून खाली येईपर्यंत सुरंगीला कुठला धीर! तिने शेजाऱ्यांना हाक मारली, तांब्याभर पाणी ओतलं, "पी बाई" म्हटलं आणि बोट लोटली.

पाणकोंबडी चाळणीसारखी गळू लागली. फळ्यांमधल्या प्रत्येक फटीतून पाणी आत येत होतं. शेजाऱ्यांनी कशीबशी ती चिखलात ओढून घेतली.

धक्क्यावर पारखी उभा होता. पारखी म्हणजे बोटींची तपासणी करणारा यंत्रमानव, लांब मानेचा आणि एकाच डोळ्याचा. तो नम्रपणे म्हणाला, "सुरंगीताई, ही बोट नापास आहे. पौर्णिमेच्या भरतीला पुन्हा तपासेन. तेव्हाही पाणी आत आलं, तर तिचा भुगा करावा लागेल. नियम आहे."

सुरंगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पोपटी रंग दिलेल्या त्या बोटीचा भुगा! तिला ते सहनच होईना.

"फटींत कडक राळ भरा," पारखीने सुचवलं. "दगडासारखी घट्ट बसते."

तेवढ्यात आजोबा काठी टेकत पोचले. त्यांनी फटीवरून हाताचं बोट फिरवलं आणि चक्क हसले. "राळ नको हो पारखीराव, फळ्या फुटतील. अगो सुरंगे, इतक्या वर्षांची तहान ही. एका तांब्याने भागेल होय? आख्खी खाडी पाजायला हवी तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे बुडवू या."

सुरंगी बघतच राहिली. पण आजोबा थट्टा करत नव्हते. त्यांनी फटींमध्ये तेलात भिजवलेला मऊ कापूस सैलसर बसवून घेतला. मग ओहोटीला बोटीत जांभ्याचे दगड रचले, आणि भरती आली तशी पाणकोंबडी निमूटपणे पाण्याखाली गेली. 'म्हातारा बोट वाचवायला निघाला आणि बुडवून बसला,' असं वाडीभर झालं. सुरंगीला जेवण गोड लागेना.

रोज दुपारी ती काठावर जाऊन बसे. ओहोटी लागली की बोट उघडी पडे आणि फटींमधून आतलं पाणी भराभर वाहून जाई. चार दिवस झाले तरी तेच.

"काही होत नाहीये, आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली.

"होतंय गो. फक्त आत होतंय." आजोबा धक्क्याकडे वळले. "पारखीराव, तुमचा डोळा जरा उसना द्या बघू."

पारखीचा डोळा म्हणजे सूक्ष्मदर्शक (अगदी बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणारं यंत्र) होता. त्याने मान वाकवून तो ओल्या फळीला टेकवला आणि एक चष्मा सुरंगीला दिला. डोळ्याला जे दिसेल ते चष्म्यात दिसायचं.

सुरंगीने चष्मा लावला आणि खाडी नाहीशी झाली. ती लाकडाच्या आत होती. चहूकडे लांबच लांब नळ्या पसरल्या होत्या, मधाच्या रंगाच्या, मंद उजळलेल्या. पाणी त्यांतून आवाज न करता पुढे सरकत होतं. आजोबांचा आवाज कुठून तरी लांबून यावा तसा येत होता.

"या नळ्या म्हणजे झाडाच्या पेशी (सजीवाचं शरीर ज्या इवल्या कप्प्यांचं बनतं ते कप्पे). झाड जिवंत असताना मुळांचं पाणी यांतूनच शेंड्याला जायचं. आता नळीच्या भिंतीकडे बघ."

भिंत कसल्याशा धाग्यांची होती.

"ते तंतू सेल्युलोजचे (झाडं ज्या पदार्थाने आपलं अंग विणतात त्याचे). पाण्याला ते फार आवडतात. पाणी दोन तंतूंच्या मध्ये शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. हिरांच्या खराट्यात बोटं खुपसलीस तर काय होईल?"

"खराटा जाड होईल."

"आणि लांब?"

"लांब कसा होईल? हीर तेवढेच राहणार." बोलता बोलता सुरंगी थबकली. "म्हणजे फळीही लांब होत नाही, नुसती रुंद होते! शेजारचीही रुंद होते. मग मधली फट..." तिने दोन्ही तळहात एकमेकांना टेकवले.

"पावसाळ्यात आपल्या न्हाणीघराचं दार अडतं ना, तेच हे."

"आणि कडक राळ भरली असती तर फळ्यांना फुगायला जागाच उरली नसती," पारखी हळूच म्हणाला. "कापूस मात्र दबला जातो. माझा सल्ला चुकीचा होता."

सुरंगीला चष्मा काढवेना. त्या सोनेरी नळ्यांमध्ये तिला वाटलं, की झाड अजून मेलेलंच नाही, नुसतं झोपलंय, आणि झोपेतच पाणी पितंय.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी ओहोटी लागली. खाडीचं पाणी दूर गेलं, चिखलावर खेकडे फिरू लागले. पाणकोंबडी मात्र काठोकाठ भरलेलीच होती. एक थेंबही बाहेर जात नव्हता. आतल्या पाण्यात ढग शांतपणे सरकत होते.

सुरंगी कितीतरी वेळ त्या ढगांकडे बघत राहिली. मग एकदम ओरडली, "आजोबा! जी बोट आतलं पाणी बाहेर सोडत नाही, ती बाहेरचं आत कसं घेईल?"

आजोबांनी तिला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी पाणी उपसलं, दगड काढले, रिक्षाची मोटर बसवली. भरती चढली आणि पाणकोंबडी आपणहून उचलली गेली. पारखीने आपला डोळा प्रत्येक फटीवरून फिरवला. सुरंगीने श्वास रोखून धरला होता.

"पास," पारखी म्हणाला.

तिने आनंदाने उडी मारली. मग तिला तांब्या आठवला. "आजोबा, पूर्वी सगळेच बोट अशी बुडवून ठेवत असतील. पुढे प्लास्टिक आलं, कारण विसरलं, नुसता तांब्या उरला. हो ना?"

"हो. माणसं विसरली, तांब्याने लक्षात ठेवलं." आजोबांनी आभाळाकडे बघितलं. "उद्या तुम्ही पोरं लांबच्या ग्रहांवर जाल. तेव्हा यानालाही अशी कातडी द्या, भोक पडलं तर आपलं आपण बुजवणारी. लाकडाला विचारा, ते सांगेल."

सुरंगीने सुकाणू हाती घेतलं. पारखी धक्क्यावरच घुटमळत होता. इतक्या बोटी तपासल्या, पण एकीतही तो कधी बसला नव्हता.

"येतोस?" तिने विचारलं.

पारखीने धक्क्यावरचा तांब्या उचलला, खाडीत बुडवून भरला आणि लांब मान वाकवून पाणकोंबडीत अलगद ओतला.

"पी बाई," तो म्हणाला, "पोटभर पी." आणि पाऊल सांभाळत बोटीत उतरला.