लाल पोपट

सक्करदऱ्याच्या वाचनालयात मुलांना गोष्ट सांगता सांगता मयुराचा घसा बसला. चित्रांची पुस्तकं लिहिणारी आणि रंगवणारी बाई म्हणजे आपली हक्काची मावशी, असं मुलं धरूनच चालतात. एकीनं तर तिच्या ओढणीलाच हात पुसले! शेवटी सहीसाठी एक पुस्तक पुढे आलं आणि त्यामागून आवाज...

“माही भाची म्हणते, ह्यातला पोपट लाल हाय. मले तं बरोबरच दिसून राहिला.”

मयुरानं दचकून वर पाहिलं. ऋषिकेश!

शाळेत चित्रकलेच्या तासाला तो तिच्या शेजारी बसायचा. लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसत, म्हणून त्याच्या रंगांच्या बाटल्यांच्या झाकणांवर ती नावं लिहून द्यायची. एलिमेंट्रीच्या परीक्षेदिवशी तिनं हौसेनं बाटल्या धुतल्या आणि झाकणांची अदलाबदल झाली. त्यानं पोपट लालभडक रंगवला. वर्ग पोट धरधरून हसला. तो तिच्याशी बोललाच नाही, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या घरचे मौद्याला राहायला गेले. त्याची माफी मागायची राहूनच गेली... सतरा वर्षं.

“मी मुद्दाम नव्हतं केलं गा,” तिचे डोळे भरून आले.

“मले माहीत होतं. राग नव्हता वं... तुह्यासमोर हसं झालं, त्याची लाज वाटली.”

तिला एकदम हलकं वाटलं. “काय करतोस आता?”

“जरीपटक्यात पेंटचं दुकान.”

“रंगाचं? तू?” ती खुदकन हसली.

“डब्यावर नाव लिहिलेलं राहते ना! सवय तूच लावली. फक्त... घरी रंग सांगणारं कोणी नाही अजून.”

बोलता बोलता त्यानं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. झाडाच्या पानांवर बारीक अक्षरांत ‘हिरवा’, पतंगाच्या शेपटीत ‘लाल’. तिच्या सातही पुस्तकांत तसंच होतं. छापणाऱ्यांना ती नक्षी वाटायची.

“हे कोणासाठी लिहून राहिली तू?”

मुलांसाठी, असं म्हणता आलं असतं. पण सतरा वर्षं गप्प राहून काय मिळालं होतं?

“तुह्यासाठी,” ती म्हणाली. “कधीतरी तुह्या हाती पडेल म्हणून...”

ऋषिकेशचे कान रंगले.

“तुह्या कानाचा रंग सांगू?” तिनं डोळे मिचकावले.

“लिहून दे,” त्यानं तळहात पुढे केला.

तिनं पेन उघडलं, त्याचा हात हातात घेतला आणि जपून लिहिलं, ‘लाल’. अक्षरं केव्हाच वाळली, पण हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.