सदतिसावा फोटो

"एकच राहिलाय!" कमलनं कॅमेऱ्यावरचा आकडा तिसऱ्यांदा पाहिला. "पस्तीस झाले. आता पिसोरी दिसल्याशिवाय खटका दाबायचा नाही म्हणजे नाही!"

"आणि दिसलीच नाही तर?" प्रवीणनं विचारलं.

"दिसेल!"

"आठ दिवस हेच ऐकतोय," असं म्हणून त्यानं तोंडात करवंद टाकलं.

कमल आणि तिची शेजारीण भाग्यलक्ष्मी धारवाडच्या मळमड्डीतल्या, प्रवीण हा कमलचा मावसभाऊ साताऱ्याचा. मे महिन्याच्या सुट्टीत तिघं अळणावरला आले होते. शंकरमामा तिथं रेंजर होते. क्वार्टरच्या मागे वनखात्याचा बंगला आणि त्याच्यामागे सगळं रानच.

कॅमेरा मात्र अण्णाचा, म्हणजे कमलच्या थोरल्या भावाचा. नोकरीला मस्कतला जाताना तो तिच्याकडे ठेवून गेला होता. त्याचं पत्र तिच्या फ्रॉकच्या खिशात असायचं, घड्यांवर फाटायला आलेलं. 'इथं झाड बघायचं तर कुंडीत. मला पिसोरी पाठव. लहानपणी एकदाच बघितली होती, सशाएवढं हरीण, अंगभर ठिपके! पण नुसती पिसोरी नको, रानासकट पाठव. तिळाएवढी दिसली तरी चालेल.'

अण्णा गेल्यापासून घरातली संध्याकाळ संपता संपत नाही, हे कमलनं कुणाला सांगितलं नव्हतं. पिसोरी पाठवली की तो निदान थोडासा तरी परत येईल, असं तिला उगीचच वाटायचं.

त्या दिवशी बंगल्याच्या व्हरांड्यात मामा एक अल्बम बघत होते. बंगळूरहून आलेले श्रीवत्ससाहेब शेजारी ऐटीत बसले होते. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी प्रवीणच्या हाताएवढी लांब!

"मोठा माणूस!" मामा म्हणाले. "बघा रे, हे खरे फोटो!"

ससा, मुंगूस, साळिंदराचं पिल्लू! प्रत्येकाचं तोंड फोटोभर.

"मिशीचा केस न् केस मोजून घ्या," साहेब म्हणाले आणि कमलच्या कॅमेऱ्याकडे बघून हसले. "त्या डबीतून काय दिसणार?"

कमलचे कान तापले. भाग्या मात्र अल्बममध्ये नाक खुपसून बसली होती. बाहेर आल्यावर ती कुजबुजली, "तिन्ही फोटोंत पान एकच आहे! दोन भोकं पडलेलं. अगदी शेजारी शेजारी."

"मग? तिथंच येत असतील प्राणी," प्रवीण म्हणाला.

"ससा, मुंगूस आणि साळिंदर? रांग लावून?"

तेवढ्यात बंगला झाडणारी गोदक्का हापशाजवळ आली. पदरानं डोळे पुसत ती पुटपुटत होती, "पाप! अय्यो, पाप!"

प्रवीणचे डोळे विस्फारले. "ऐकलंत? पाप! साहेबानं खून केलाय!"

दोघी पोट धरधरून हसल्या. "अरे वेड्या, कन्नडात पाप म्हणजे बिचारं! कुणाची दया आली की म्हणतात."

मग भाग्या हसता हसता थांबली. "पण... बिचारं कोण?"

कमलनं हात धरल्यावर गोदक्का हळूच म्हणाली, "मी सांगितलं म्हणू नका बाळांनो. मागल्या अंगणात खोका हाय. मला रोज त्यात पाला घालायला लावतात. सकाळी सातला बघा की!"

सकाळी सातच्या आधीच तिघं करवंदीच्या जाळीत दडले. साहेब आले. त्यांनी खोक्यातून काहीतरी काढलं, खुंटीला बांधलं, दोन भोकांच्या त्या पानावर पाणी शिंपडलं आणि चटई अंथरून पोटावर झोपले.

पिसोरी! मागच्या पायाला दोरी आणि अंग लटलट कापत होतं.

कमलनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि हात तिथंच थांबला. आठ दिवस जिची वाट पाहिली ती समोर होती, पण अशी? अण्णाला अशी पिसोरी पाठवायची? रोलमधला उरलेला एकुलता एक फोटो असा घालवायचा?

"भाग्या, मामांना बोलाव. पळ!" ती म्हणाली. मग ती मागे सरकली, आणखी मागे, आणखी. पिसोरी लहान लहान होत गेली. तेव्हा कुठं दोरी, खोका, पालथे साहेब आणि मागचं रान, सगळं एका चौकटीत मावलं.

खट्!

"कोण आहे?" साहेब ताडकन उठले. "रोल दे इकडं!"

कमल पुढं झाली. "आधी दोरी सोडा!"

साहेब तिच्या अंगावर धावले, तोच प्रवीण घसा ताणून ओरडला, "मामांची जीप आली! जीप आली!"

जीप दुरुस्तीला धारवाडला गेली होती, पण साहेबांना काय ठाऊक! त्यांनी घाईघाईनं चाकू काढून दोरी कापली आणि खोका जाळीत भिरकावला.

पिसोरी लगेच पळाली नाही. लंगडत चार पावलं गेली. रानाच्या कडेला, पानांतून उन्हाचे कवडसे पडले होते तिथं ती थांबली आणि मागं वळली. तिचे ठिपके कोणते आणि कवडसे कोणते, कळेना. हाच! अण्णाला हवा होता तो हाच फोटो!

आणि आकडा होता छत्तीस. कमलला रडूच फुटलं.

"अगं, रोल पुढं फिरवून तर बघ! कधीकधी एखादा जास्तीचा निघतो!" प्रवीणनं तिला ढोसलं.

तिनं फिरवला. तो अडकला, मग कुरकुरत पुढं सरकला. खट्! पिसोरी नाहीशी झाली होती.

मामा धापा टाकत पोचले. साहेब गोड आवाजात म्हणाले, "फासात सापडली होती बिचारी. मीच सोडवली." आणि मामांनी चक्क त्यांचे आभार मानले!

"मामा, खोटं आहे हे!"

"पुरे! मोठ्यांवर आरोप करायचे नसतात."

चार दिवसांनी धारवाडहून फोटो धुऊन आले. छत्तिसावा फोटो मामांनी डोळ्यांजवळ धरून बघितला. साहेबांनी मामांकडे बघायला ठेवलेल्या अल्बममधलं ते झाडाचं पान भाग्यानं दाखवलं. दोन भोकं इथं, दोन भोकं तिथं! मामा टोपी घालून बंगल्यावर गेले. संध्याकाळच्या आत साहेबांवर गुन्हा नोंदला गेला आणि कॅमेऱ्याची लांब नळी सरकारजमा झाली.

"मी लांबून आलेल्याला मोठा म्हणत बसलो, नाकासमोरचं बघितलंच नाही," मामा म्हणाले. "चुकलं माझं. शाबास पोरांनो! तुमच्या डबीला जास्त दिसतं!"

गोदक्कानं तिघांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"म्हणजे माझं बरोबरच होतं की!" प्रवीण म्हणाला. "पिसोरीचं पाप कन्नड, आणि साहेबांचं मराठी!"

सगळे हसले. कमल मात्र सदतिसावा फोटो हातात धरून बसली होती. अर्धा पांढरा फटक, रोलच्या टोकाला जळलेला. उरलेल्या अर्ध्यात खोडं, पाचोळा, कवडसे. पिसोरी कुठंच नव्हती. तरी तिनं दोन्ही फोटो मस्कतला पाठवले.

जूनमध्ये उत्तर आलं. धारवाडला आलेले मामाही मागून वाचायला वाकले.

'कमे, छत्तिसावा फोटो इथं सगळ्यांना दाखवला. माझ्या बहिणीनं काढलाय म्हणून सांगितलं. शाबास! पण सदतिसावा कुणाला दाखवला नाही. तो उशाशी ठेवलाय. कामावरून आलो की त्यात पिसोरी शोधतो. अजून सापडली नाही. घरी येईपर्यंत सापडू नये, असंच वाटतं.'